लेटेक्स ट्यूब आणि रोड बाइक: टायरमध्ये हवा नेमकी किती भरायची?

रोड बाइकच्या टायरच्या कडेला बारीक अक्षरांत हवेच्या कमाल दाबाचा आकडा छापलेला असतो आणि बरेच जण डोळे झाकून तेवढी हवा भरतात. ती फक्त वरची मर्यादा आहे. तुमचं वजन किती, रस्ता कसा, रिम किती रुंद, यातलं काहीच टायर कंपनीला माहीत नसतं. त्यात ट्यूब लेटेक्सची असेल तर रात्री भरलेली हवा सकाळी तेवढी उरतही नाही.

आधी लेटेक्सबद्दल थोडं. नेहमीची काळी ट्यूब बुटाइल नावाच्या कृत्रिम रबराची असते. लेटेक्सची ट्यूब रबराच्या झाडाच्या चिकापासून बनते. ती पातळ आणि फुग्यासारखी लवचिक असते. चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि लगेच पुन्हा फुलतो. प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णतेत वाया जाते आणि लेटेक्समध्ये ती कमी जाते. दोन्ही चाकांचे मिळून साधारण चार-पाच वॉट वाचतात, टायरनुसार कमी-जास्त. किंमत बुटाइलच्या कितीतरी पट असते, म्हणून दाब चुकीचा ठेवून हा फायदा घालवणं मला तरी परवडत नाही.

जास्त हवा म्हणजे जास्त वेग?

गुळगुळीत लाकडी ट्रॅकवर बऱ्यापैकी खरं. हवा वाढवली की टायर कमी दबतो आणि टायरमधला तोटा घटतो. पण रस्ता खडबडीत असला की दुसरा तोटा सुरू होतो. कडक टायर प्रत्येक खडीवरून उडतो, तो हादरा सायकलमधून तुमच्या अंगात येतो आणि स्नायूंमध्ये जिरतो. ती ऊर्जाही तुमच्याच पायांनी दिलेली असते. एका ठरावीक दाबानंतर हा दुसरा तोटा पहिल्या फायद्याला गिळून टाकतो. सिल्का कंपनीचे जॉश पोर्टनर यांनी हे बरंच समजावून सांगितलं आहे. त्यातला मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे: योग्य दाबापेक्षा थोडं खाली राहिलात तर नुकसान किरकोळ, थोडं वर गेलात तर जास्त. शंका असेल तर कमी भरा.

आपल्याकडे एकाच रस्त्यावर नवं डांबर, पाइपलाइनसाठी खोदून बुजवलेला चर, पेव्हर ब्लॉक आणि रम्बल पट्ट्या असं सगळं भेटतं. त्यामुळे हा वळणबिंदू युरोपातल्या चकचकीत रस्त्यांपेक्षा लवकर येतो.

सुरुवात कुठून करायची

सिल्का आणि स्रॅम या दोघांचे कॅल्क्युलेटर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये फुकट चालतात. वजन टाकताना स्वतःचं, सायकलचं, बाटल्यांचं सगळं धरा; कॅल्क्युलेटर काय मागतो ते नीट वाचा. टायरची रुंदी विचारली तर छापलेली टाकू नका, हवा भरून व्हर्नियर कॅलिपरने मोजा. रुंद रिमवर २८ मिमीचा टायर ३० मिमीही भरू शकतो. रस्त्याचा प्रकार निवडताना प्रामाणिक राहा, आपला रस्ता 'नवा डांबरी' क्वचितच असतो.

एकूण ७५ किलो वजन आणि २८ मिमी टायर असेल तर मी पुढे ६४ आणि मागे ६७ पीएसआयपासून सुरू करेन. मागे थोडं जास्त, कारण वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकावर असतो. लेटेक्ससाठी वेगळा जादूचा आकडा नाही. फक्त ती ताणली जाते, त्यामुळे खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला दोन भोकं पडायची शक्यता थोडी कमी आणि खाली प्रयोग करायला जरा मोकळीक. पावसात पाचेक पीएसआय कमी.

फोनने तपासा

इथे खरी मजा आहे. जर्मनीतल्या आखन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप फोनमधला अ‍ॅक्सेलरोमीटर थेट वाचतं. 'गुरुत्वाकर्षणाशिवाय प्रवेग' मोजणारा प्रयोग सुरू करा, फोन जर्सीच्या मागच्या खिशात घट्ट बसवा आणि नेहमीच्या रस्त्याचा एकच अर्धा किलोमीटर एकाच वेगाने दोन-तीनदा चालवा. डेटा एक्सेलमध्ये काढता येतो. (हँडलबारवर फोन लावू नका. सततच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्ये मोटरसायकलींबाबत दिला होता.)

पण हादरे कमी झाले म्हणजे वेग वाढला असं नाही, नाहीतर सगळ्यात फुसका टायर जिंकला असता. म्हणून दुसरी चाचणी. पहाटे, वारा नसताना, रहदारी नसलेला सौम्य उतार शोधा. ठरलेल्या खुणेपासून पॅडल न मारता, त्याच बसणीत सायकल सोडा आणि कुठे थांबते ते बघा. दर वेळी पाच पीएसआय उतरवा. हादरे कमी होतायत आणि अंतर घटत नाही तोवर खाली जा. अंतर घटायला लागलं, वळणावर टायर लुळा वाटला किंवा खड्ड्यात रिम आपटल्याचा आवाज आला की पाच परत वर. हाच तुमचा आकडा.

तो आकडा टिकवायचा कसा

लेटेक्समधून दिवसाला दहा किंवा त्याहून जास्त पीएसआय सहज जातात. तुमच्या ट्यूबचा वेग एकदा काढून ठेवा: रात्री भरा, सकाळी मोजा, फोनच्या नोट्समध्ये तास आणि आकडा लिहा. दोन तासांच्या राइडला फरक नगण्य. २०० किमीच्या बीआरएमला मात्र साडेतेरा तासांची मुदत असते. तेवढ्यात पाच-सात पीएसआय जाऊ शकतात, म्हणून सुरुवातीला तीनेक जास्त ठेवा आणि छोटा पंप सोबत असू द्या. उन्हाचा हिशेबही उलट बाजूने येतो: टायरमधली हवा २० अंशांनी तापली तर ६८ पीएसआयचे साधारण ७३ होतात.

मोजायला दर वेळी एकच गेज वापरा. दोन पंपांचे काटे पाच पीएसआयने वेगळे असणं नवलाचं नाही. पेट्रोल पंपावरची हवा टाळा. तिथलं तोंड प्रेस्टा व्हॉल्व्हला अ‍ॅडॅप्टरशिवाय बसत नाही, आणि बसलं तरी एवढ्याशा टायरवर एक-दोन पीएसआयचा ताबा राहत नाही.

जिथे चूक महागात पडते

हूकलेस रिम असेल तर कमाल ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, आणि टायर हूकलेससाठी मान्य असलेलाच हवा. कॅल्क्युलेटरने यापेक्षा जास्त सांगितलं तर जास्त रुंद टायर घ्या, हवा वाढवू नका. ट्यूब बसवताना ती टायरच्या कडेखाली चिमटली नाही ना, हे पूर्ण गोल फिरून पाहा. चिमटलेली लेटेक्स फटाक्यासारखी फुटते. कार्बन रिम आणि रिम ब्रेक असतील तर पसरणी घाटासारख्या लांब उतारावर रिम प्रचंड तापते. अशा चाकांवर अनेक कंपन्या लेटेक्सला मनाईच करतात, मॅन्युअल बघा. डिस्क ब्रेकला ही अडचण नाही.

वाटेत पंक्चर झालं आणि कार्बन डायऑक्साइडच्या कार्ट्रिजने टायर भरला, तर तो वायू लेटेक्समधून हवेपेक्षा कितीतरी वेगाने निसटतो. घरी पोहोचेपर्यंत चालेल. पोहोचल्यावर तो पूर्ण सोडून पंपाने साधी हवा भरा.