परळची प्रयोगशाळा आणि बाळंतिणीचं रक्त

परळची हाफकिन संस्था आपल्याला प्लेगच्या लशीमुळे माहीत असते. आज तिथल्याच दुसऱ्या एका कामाबद्दल बोलू. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. भारतातल्या मातामृत्यूंचा अभ्यास चालला होता. त्यांच्या वाट्याला आला गरोदरपणातला तीव्र रक्तक्षय.

हा प्रश्न एवढा गंभीर का? बाळंतपणात रक्त जातंच. धडधाकट बाई ते सोसते. पण जिच्या अंगात मुळात रक्तच कमी, तिला थोडा रक्तस्रावही जिवावर बेततो.

विल्सबाईंनी रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान होतात. इथे मात्र पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या! पर्निशियस ॲनिमिया या आजारात असंच दिसतं. मग तोच आजार का? नाही. कारण हा रक्तक्षय खात्यापित्या घरांत क्वचित, आणि गरिबाघरी फार. या बायकांच्या ताटात भाजी, फळं, दूध जवळपास नसायचंच. म्हणजे दुखण्याचं मूळ ताटात शोधायला हवं होतं.

उंदरांवर, माकडांवर प्रयोग झाले. पर्निशियस ॲनिमियावर तेव्हा यकृत खायला देत, यकृताचा अर्कही देत. पण तो महाग. विल्सबाईंनी स्वस्तातलं मार्माइट देऊन पाहिलं. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळपट, खारट अर्क, इंग्रज लोक पावाला लावून खातात तो. रोगी बायका सुधारू लागल्या. १९३१ साली हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं.

मार्माइटमधलं नेमकं काय लागू पडतंय, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून नाव पडलं फॉलिक ॲसिड. विल्सबाई शोधत होत्या ते हेच.

आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लाल गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रोज एक, निदान १८० दिवस. मळमळतं म्हणून पुष्कळ घरांत ती डब्यातच पडून राहते. तुमच्या घरी कुणी गरोदर असेल, तर गोळी घेतली का, एवढं रोज विचारा. त्रास होत असेल तर गोळी बंद करू नका, डॉक्टरांना किंवा आशाताईंना सांगा.

आता प्रश्न घेऊ या.