निखारे

आमची आजी माळकरी. घरात अंडंसुद्धा चालायचं नाही. तरी भातकापणी उरकली की चुलीतले निखारे खापरीत काढून ती कातकऱ्यांना द्यायची. कसाऱ्याखालच्या आमच्या खाचरांत ते उंदीर काढायला येत. बिळाची बाकीची तोंडं ढेकळांनी बुजवायची. उरलेल्या तोंडाशी मडकं लावायचं, त्यात गवत आणि निखारे, आणि बुडाच्या भोकातून फुंकर. धूर आत भरला की त्यांच्यातला म्हातारा जमिनीला कान लावायचा, "खणा इथं."

पाच-सहा उंदीर निघत, शिवाय त्यांनी साठवलेल्या लोंब्या. भात खरं तर आमचाच. वडील म्हणत, "उंदरानं नेला तो उंदराचा, आणि उंदीर धरला त्याचा." बांध फोडला म्हणून मात्र शिव्या घालत.

ही माणसं मूळची कात करणारी. खैराचा गाभा उकळून कात काढायचा, नावही त्यावरूनच पडलं. 1878च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली, खैराला कुऱ्हाड लावणं गुन्हा ठरलं. मग कोळशाच्या भट्ट्या, आता वीटभट्ट्या. इंग्रजी अमलातल्या नोंदींत कातकरी काय काय खातात ते मोठ्या चवीनं लिहिलेलं आहे. त्यातच एक बारकी नोंद: तांबड्या तोंडाचं माकड ते खात नाहीत, त्यात माणसाचा जीव असतो म्हणून. सोन कातकरी गाईचं मांस वर्ज्य मानतात, ढोर कातकरी मानत नाहीत. म्हणजे काय खावं याचा विचार त्यांनीही केला होताच. साहेबाच्या शिकारीला मात्र खेळ म्हणत, मुंडकं भिंतीवर टांगत.

1970 साली शेजारी तानसा अभयारण्य झालं, 1972 साली वन्यजीव कायदा आला. ससा, भेकर, घोरपड धरणं गुन्हा. ते योग्यच, जंगलात उरलंय तरी किती! पण उंदीर कावळ्या-वटवाघळांबरोबर उपद्रवींच्या यादीत गेला. रानातल्या शिकारीपैकी कायद्यानं त्यांना जवळपास तेवढाच ठेवला.

आणि आम्ही? झिंक फॉस्फाईड पिठात कालवून बिळांशी ठेवतो. मेलेले उंदीर बांधावर पडतात, घारी उचलतात. घरात अजून अंडं चालत नाही.

गेल्या मार्गशीर्षात एक कातकरीण आली. हातात कुदळ, मागे दोन पोरं. बांधावरूनच तिनं विचारलं, "दादा, औषध घातलंय का?"

मी मान हलवली. पोरांना घेऊन ती पुढच्या शेताकडे गेली.