पराभवानंतरचा पहिला बाक

निवडणुकीनंतर मंत्रिमंडळात आपला कोण, ही चौकशी आपल्याकडे मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीपासून जमातखान्यापर्यंत होते. समोरच्या बाजूला पहिल्या बाकावर कोण बसला, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. इतिहासाची पुस्तकेही तशीच लिहिली गेली आहेत. मंत्र्यांच्या याद्या परिशिष्टात असतात, विरोधी बाकाच्या याद्या शोधाव्या लागतात. ज्या समाजाच्या वाट्याला सत्ता क्वचित येते, त्याने तरी हा दुसरा बाक नीट पाहिला पाहिजे, असे आम्हाला वाटते. म्हणून हा लेख.

इंग्लंडात या बाकाची रीतसर परंपरा आहे. पक्ष हरला, नेत्याने राजीनामा दिला, तरी दुसऱ्या दिवशीपासून सरकारला प्रश्न विचारणारे कोणी तरी हवेच. मग नवा नेता निवडला जाईपर्यंत तात्पुरती व्यवस्था होते. अर्थ खात्यावर कोण बोलेल, गृह खात्यावर कोण, हे वाटून दिले जाते. २०१० साली मजूर पक्ष हरल्यावर हॅरिएट हरमन यांनी मे ते सप्टेंबर हा काळ असाच सांभाळला. २०२४ साली हुजूर पक्ष हरला, तेव्हा ऋषी सुनक यांनी नोव्हेंबरात नवा नेता येईपर्यंत तेच केले. विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार देण्याचा कायदा तिथे १९३७ साली झाला. सरकारच्या विरोधात बोलणाऱ्याला सरकारनेच पगार द्यायचा, यातच त्या पदाची किंमत कळते. आपल्याला ‘काळजीवाहू सरकार’ हा शब्द चांगला माहीत आहे. ‘काळजीवाहू विरोधी पक्ष’ हा शब्द मात्र आपल्या कानावर आलेला नाही.

त्याच १९३७ साली आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात काय घडले ते पाहण्यासारखे आहे. विधानसभेच्या ११२ जागांपैकी बहुमताच्या जागा काँग्रेसने जिंकल्या. पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरणार नाहीत अशी हमी मिळेपर्यंत सत्ता घ्यायची नाही, असे तिने ठरवले. तेव्हा ई. राघवेंद्र राव यांचे हंगामी मंत्रिमंडळ आले. अमरावतीच्या दादासाहेब खापर्डे यांचे चिरंजीव बाळकृष्ण खापर्डे त्यात होते, रिझवी नावाचे एक मुस्लिम मंत्रीही होते. एप्रिल ते जुलै असे जेमतेम साडेतीन महिने हे सरकार टिकले. बहुमत पाठीशी नसल्याने सभागृहासमोर जाण्याची सोय नव्हती. जिंकलेले बाहेर आणि अल्पमतातले खुर्चीवर, असा तो उलटा प्रकार होता. जुलैत वर्ध्याच्या बैठकीत काँग्रेसने सत्ता स्वीकारण्याचे ठरवले, डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले आणि हंगामी मंडळी गेली. त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. नुसती खुर्ची मिळाली म्हणून समाजाचा आवाज मिळत नाही. जिथे प्रश्नोत्तरेच होत नाहीत तिथे मंत्री असून काय उपयोग?

आता अकोल्याकडे वळू. १९६२ साली अकोल्याने मोहम्मद मोहिब्बुल हक यांना लोकसभेत पाठवले. १९६७ आणि १९७१ साली के. एम. असगर हुसेन निवडून आले. म्हणजे ओळीने तीन सार्वत्रिक निवडणुकांत, मुस्लिम बहुसंख्य नसलेल्या या मतदारसंघाने मुस्लिम उमेदवार निवडून दिला. आजच्या तरुणाला हे सांगितले तर तो आधी विश्वास ठेवत नाही. ते सगळे सत्ताधारी बाकांवर बसले. १९७२ च्या पोटनिवडणुकीत वसंतराव साठे आले आणि १९७७ सालीही अकोल्याने साठ्यांनाच निवडले.

पण १९७७ चे दिल्लीतले चित्र पार वेगळे होते. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत उत्तर प्रदेशातल्या ८५ आणि बिहारमधल्या ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. इंदिराजी स्वतः रायबरेलीत पडल्या. दिल्लीतल्या तुर्कमान गेटची पाडापाडी, मुजफ्फरनगरचा गोळीबार, नसबंदीची सक्ती यांनी उत्तरेतला मुसलमान काँग्रेसपासून तुटला होता. महाराष्ट्रातही पक्षाला ४८ पैकी २० जागांवर समाधान मानावे लागले. वऱ्हाडाने मात्र बहुतेक ठिकाणी हात सोडला नाही. अकोल्यातून साठे, तेव्हा अकोला जिल्ह्यातच असलेल्या वाशीममधून माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक, अमरावतीतून नाना बोंडे निवडून आले. वऱ्हाडने ज्यांना पाठवले ते सगळे यावेळी समोरच्या बाकावर जाऊन बसले.

पक्षाची नेता सभागृहात नव्हती आणि पक्षाला तर विरोधात बसण्याची सवयच नव्हती. अशा वेळी यशवंतराव चव्हाण विरोधी पक्षनेते झाले आणि वाचलेल्या लोकांतून पहिला बाक उभा राहिला. तो दक्षिणेतल्या आणि महाराष्ट्रातल्या खासदारांचा बाक होता, कारण उत्तरेत कोणी उरलेच नव्हते. नावाने नसली, तरी व्यवहाराने ती काळजीवाहू रचनाच होती. मूळ नेतृत्वाचे काय होणार याचा निकाल बाहेर लागायचा होता, तोवर सभागृहातले काम थांबवता येत नव्हते. जानेवारी १९७८ मध्ये पक्ष फुटला. चव्हाण एका बाजूला राहिले, साठे इंदिराजींबरोबर गेले. एप्रिलमध्ये विरोधी पक्षनेतेपद इंदिरा काँग्रेसच्या सी. एम. स्टीफन यांच्याकडे गेले. जुलै १९७९ मध्ये ते पुन्हा चव्हाणांकडे आले, त्यांनी मोरारजी सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला आणि चार दिवसांत ते सरकार गेले.

या बाकाला नैतिक अधिकार होता का, हा प्रश्न आम्ही टाळणार नाही. ज्यांच्या राजवटीत वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, तेच आता स्वातंत्र्याबद्दल सरकारला जाब विचारत होते. उलट अल्पसंख्याक आयोग स्थापन केला तो त्यांना हरवणाऱ्या जनता सरकारने, जानेवारी १९७८ मध्ये. तरीही त्या बाकाने एक काम केले, ते नोंदवले पाहिजे. राज्यसभेत काँग्रेसचेच बहुमत होते. तिच्या मतांशिवाय आणीबाणीतली घटनादुरुस्ती मागे घेणे शक्य नव्हते. काही कलमे तिने अडवली. पण १९७८ ची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती अखेर मंजूर झाली. आणीबाणीतही जगण्याचा हक्क स्थगित करता येणार नाही, ही हमी तिनेच दिली. ज्यांनी १९७६ साली एका बाजूने हात वर केले, त्यांतल्याच अनेकांनी दोन वर्षांनी दुसऱ्या बाजूने केले. हे पराभवामुळे घडले. विरोधी बाकावर बसल्यावर माणसाला कायदा वेगळा दिसतो, कारण तो कायदा आता आपल्यावरही चालू शकतो हे त्याला कळते.

विरोधी पक्षनेत्याला पगार आणि दर्जा देणारा केंद्राचा कायदाही १९७७ चाच. त्यात विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता, अशी व्याख्या आहे. एकूण सदस्यांच्या एक दशांश जागा हव्यात ही अट कायद्यात नाही. ती पहिले सभापती मावळंकर यांच्या काळापासून चालत आलेली वहिवाट आहे.

या वहिवाटीला महाराष्ट्रानेच एकदा चांगला अपवाद केला आणि त्यात आपल्या समाजाचे नाव आहे. १९८५ च्या विधानसभेत शरद पवारांच्या समाजवादी काँग्रेसला ५४ जागा होत्या, जनता पक्षाला २०, भाजपला १६, शेकापला १३. डिसेंबर १९८६ मध्ये पवार काँग्रेसमध्ये परतले आणि विरोधी बाकाचा मोठा भाग एका दिवसात पलीकडे गेला. उरलेल्यांपैकी कोणाकडेही २८८ चा दशांश, म्हणजे २९ जागा नव्हत्या. तरी मालेगावचे समाजवादी आमदार निहाल अहमद विरोधी पक्षनेते झाले. त्यांच्यानंतर शेकापचे दत्ता पाटील, मग मृणाल गोरे असे हे पद छोट्या पक्षांत फिरत राहिले. यंत्रमागाच्या गावातला, उर्दू बोलणारा माणूस महाराष्ट्राच्या सरकारला जाब विचारण्याच्या अधिकृत जागेवर बसला होता. त्याच दशकात विधान परिषदेत अमरावतीचे रा. सू. गवई यांनी हेच पद भूषवले. मुसलमान मुख्यमंत्री म्हणून बॅ. अंतुले यांचे नाव आपल्या प्रत्येक घरात घेतले जाते. निहालभाईंच्या या पदाची आठवण मात्र मालेगावबाहेर फारशी राहिली नाही.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत विधानसभेत शिवसेनेच्या ठाकरे गटाला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवारांच्या पक्षाला १० जागा मिळाल्या. डिसेंबरमध्ये नवे सभागृह भरले ते विरोधी पक्षनेत्याशिवाय. मार्च २०२५ मध्ये ठाकरे गटाने भास्कर जाधव यांचे नाव दिले, तरी त्या अधिवेशनात मान्यता मिळाली नाही. १९८६ साली २० जागांच्या पक्षाला जी मान्यता मिळाली, ती या वेळी २० जागांच्या पक्षाला मिळाली नाही. म्हणजे आकडा हे खरे कारण नव्हे. समोर कोणी असावे असे सरकारला वाटते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

याचे आपल्याशी काय नाते? मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली, एकाचा जीव गेला. तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार २ जुलैला उपमुख्यमंत्री झाले आणि त्यांची जागा विजय वडेट्टीवार यांच्याकडे येईपर्यंत ऑगस्ट उजाडला. राज्य मानवी हक्क आयोगावर कोण नेमायचे, हे ठरवणाऱ्या समितीत विरोधी पक्षनेत्याला कायद्याने जागा आहे. ती जागा रिकामी असेल, तर ज्या आयोगाच्या दारात दंगलीनंतर आपला माणूस जातो, त्याचे सदस्य एकट्या सरकारच्या पसंतीचे होतात. २०२४ साली अकोला पश्चिममधून काँग्रेसचे साजिद खान पठाण तेराशेपेक्षा कमी मताधिक्याने निवडून आले. त्यांच्यासारख्या नव्या आमदाराला सभागृहात उभे राहायला वेळ मिळतो तो पुढच्या बाकावर कोणी तरी भांडणारा असला तरच.

त्याच वर्षी लोकसभेत महाराष्ट्रातून एकही मुस्लिम खासदार गेला नाही. अशा काळात पुढच्या निकालाच्या रात्री आपण मंत्र्यांची यादी जरूर वाचावी. पण दुसऱ्या दिवशी समोरच्या बाकाचीही चौकशी करावी. नेता कधी निवडणार? तोवर गृह खात्यावर कोण बोलणार? शिक्षणावर कोण, वक्फवर कोण? हरलेल्या पक्षालाही हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, कारण हरलेली मतेही आपलीच असतात.