कान, हात आणि स्वमग्नता

आज आपण ऑटिझमचा इतिहास बघणार आहोत, पण जरा वेगळ्या बाजूने. मराठीत आपण ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतो. शब्द चांगला आहे, रुळलाही आहे. मूळ ग्रीक 'ऑटोस', म्हणजे स्वतः. त्यावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी शंभरेक वर्षांपूर्वी 'ऑटिझम' हा शब्द घडवला, तोही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. पण 'स्वमग्न' म्हटलं की जे काही आहे ते मुलाच्या मनात आहे, असं आपण धरून चालतो. त्याचे कान, त्याची त्वचा, त्याचे हातपाय मागे पडतात. गंमत अशी, की पहिल्या नोंदींमध्ये हे सगळं होतं. मग ते हरवलं कसं?

1925 साली मॉस्कोमध्ये ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी सहा मुलग्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज ते वाचलं तर ही मुलं आपल्याला ओळखीची वाटतात. हालचालींमधला बेढबपणा त्यांनी तेव्हाच टिपला होता. पण त्यांचं काम पुढे अनेक दशकं दुर्लक्षित राहिलं.

मग येतं 1943 साल. बाल्टिमोरमध्ये, जॉन्स हॉपकिन्समध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर तो प्रसिद्ध लेख लिहिला. त्यात दोन नोंदी आहेत, त्या नीट ऐका. पहिली : व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, नळाचं पाणी, अंडी फेटायचं यंत्र, कधी तर नुसता वारा, यांनी ही मुलं घाबरीघुबरी व्हायची. दुसरी : आई उचलायला वाकली की तान्हं बाळ एरवी आधीच अंग सावरून तयार होतं, ही मुलं तशी होत नसत. म्हणजे बघा, एक नोंद संवेदनांची, दुसरी हालचालीची. काही मुलांची चाल बेढब आहे, हेही कॅनर लिहितात.

पण याचा अर्थ त्यांनी काय लावला? ते म्हणाले, मूल स्वतः तेवढाच मोठा आवाज आनंदाने करतं, त्यामुळे भीती आवाजाची नाही, आवाज त्याच्या एकटेपणात घुसतो त्याची आहे. इथे गाडी वळली. कानाची गोष्ट मनाची झाली. खरं तर आपण केलेला आवाज कधी येणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, दुसऱ्याने केलेला अचानक आदळतो. कुकरची शिट्टी झाली की कान झाकणारं मूल ज्यांच्या घरात आहे, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

पुढच्याच वर्षी, 1944 मध्ये, व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर यांनीही बेढब हालचाली, वाईट अक्षर आणि चव, स्पर्श, आवाज यांबाबतची टोकाची संवेदनशीलता नोंदवली. (नाझी राजवटीशी त्यांचे काय संबंध होते, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.) त्यांचा लेख जर्मनमध्ये होता. इंग्रजी वाचणाऱ्या जगात तो खऱ्या अर्थाने पोचला 1981 साली, लोर्ना विंग यांच्यामुळे.

मधल्या काळाची किंमत आयांनी मोजली. कॅनर यांनी स्वतः सुरुवातीला दोष जन्मजात म्हटला होता. पण 1949 मध्ये त्यांनीच पालकांच्या थंडपणासाठी फ्रिजची उपमा वापरली. 1967 मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने तो आरोप घरोघरी नेला. मूल मिठी मारू देत नाही, कारण आईची माया कमी पडली! त्या स्पर्शाने मुलाला त्रास होत असेल का, हा साधा प्रश्न बाजूला राहिला.

उलटा प्रवास हळूहळू झाला. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी कारण मेंदूत शोधा असं ठामपणे मांडलं, ते स्वतः अशा मुलाचे वडील होते. 1968 मध्ये ऑर्निट्झ आणि रिट्वो यांनी या मुलांना जगाची जाणीवच स्थिर मिळत नाही, अशी मांडणी केली. 1986 मध्ये टेंपल ग्रँडिन यांचं आत्मकथन आलं आणि हे आतून कसं वाटतं ते एका ऑटिस्टिक व्यक्तीने सांगितलं. मिठी असह्य, पण दाब हवासा, म्हणून त्यांनी स्वतःसाठी दाब देणारं यंत्र बनवलं होतं.

2009 मध्ये, पुन्हा बाल्टिमोरमध्येच, मुलांना यंत्राचा दांडा धरून हात हलवायला शिकवलं गेलं. शिकताना ऑटिस्टिक मुलांचा मेंदू डोळ्यांपेक्षा स्वतःच्या स्नायू-सांध्यांच्या जाणिवेवर जास्त विसंबतो, असं दिसलं. आपण बरंचसं दुसऱ्याकडे बघून शिकतो, हे लक्षात घेतलं की याचं महत्त्व कळतं.

2013 साली अमेरिकेच्या डीएसएम या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत संवेदनांची अति किंवा अल्प प्रतिक्रिया निकषांमध्ये आली. कॅनरच्या लेखानंतर सत्तर वर्षांनी! हात झटकण्यासारख्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली निकषात आहेत. पण बटण लावणं, चेंडू झेलणं, पेन्सिल चालवणं यातली अडचण अजून निकषांबाहेर आहे.

सगळ्या मुलांमध्ये हे सारखं नसतं, आणि सगळा ऑटिझम शरीरात आहे असंही मी म्हणत नाही. पण कान झाकणाऱ्या मुलाला आपण हट्टी म्हणतो, लिहिताना हात अडणाऱ्याला 'लक्ष नाही' म्हणतो, तेव्हा 1943 चीच चूक पुन्हा करतो. शब्द 'स्वमग्नता' राहू दे. फक्त निष्कर्षाआधी एकदा विचारू या : याला आत्ता काय ऐकू येतंय? हात त्याचं ऐकतोय का?

आता प्रश्न घेऊ या.