नसलेल्या टेपची गोष्ट

बेसबॉल हा आपल्या वाचकांच्या नित्य परिचयातला खेळ नव्हे. तरीही त्याच्या इतिहासातील एका होमरनकडे आम्हांला वळावेसे वाटते, कारण त्या फटक्याने जितके अंतर कापले त्याहून अधिक अंतर त्याच्या कथेने कापले आहे.

१७ एप्रिल १९५३. वॉशिंग्टनचे ग्रिफिथ स्टेडियम, प्रेक्षक जेमतेम चार हजार. पाचव्या डावात सेनेटर्सच्या चक स्टॉब्ज या डावखुऱ्या पिचरसमोर यांकीजचा एकवीस वर्षांचा मिकी मँटल उभा होता. दोन्ही हातांनी फलंदाजी करणारा मँटल अर्थातच उजव्या हाताने खेळत होता. वारा जोराचा, मैदानाबाहेरच्या दिशेने वाहणारा. चेंडू डावीकडील प्रेक्षकांच्या बाकांवरून गेला, मागच्या भिंतीवरील बिअरच्या जाहिरातफलकाला चाटून स्टेडियमबाहेर दिसेनासा झाला. पलीकडच्या ओकडेल प्लेस या गल्लीत एका मुलाला तो सापडला.

इथवर सारे सरळ आहे. यांकीजचे प्रसिद्धिप्रमुख रेड पॅटरसन यांनी जाहीर केलेला आकडा मात्र ५६५ फुटांचा. हा आकडा तीन तुकड्यांनी बनला आहे: कुंपणापर्यंत ३९१ फूट, तेथून बाहेरच्या भिंतीपर्यंत ६९ आणि पुढे त्या मुलाने दाखविलेल्या परसापर्यंत १०५. पहिले दोन तुकडे स्टेडियमच्या मापांतून आलेले. तिसरा, म्हणजे ज्याच्यावर दंतकथेची सारी भिस्त तोच, पॅटरसन यांच्या पावलांनी मोजलेला! टेप वापरली नव्हती, हे त्यांनीच पुढे सांगितले. शिवाय चेंडू सापडतो ती जागा आणि चेंडू प्रथम जमिनीला टेकतो ती जागा एकच असेल असे थोडेच आहे?

पण इंग्रजीत ‘टेप-मेझर होमरन’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो याच फटक्यामुळे. जी वस्तू घटनास्थळी नव्हतीच तिच्या नावाने घटना ओळखली जावी, हे साहित्याच्या अभ्यासकाला विचारात पाडणारे आहे. ‘सुमारे साडेपाचशे फूट’ म्हटले असते तर ती अतिशयोक्ती ठरली असती. शेवटच्या त्या पाचाने तिला पुराव्याचा दर्जा दिला. आकड्याची नेमकेपणाशी आपण इतकी सहज सांगड घालतो, की तो कोणी व कशाने मोजला हे विचारायचेच राहून जाते. (आमच्या संशोधनपर प्रबंधांतील तक्तेही याला अपवाद नाहीत, हे जाता जाता नमूद करू.)

जेन लेव्ही यांनी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मँटल-चरित्रात या घटनेचा नव्याने माग काढला. भौतिकशास्त्रज्ञ ॲलन नेथन यांच्या हिशेबाने अंतर ५४० फुटांच्या आसपास येते. म्हणजे दंतकथा साफ खोटी नव्हे. फटका विलक्षणच होता. पंचवीसएक फुटांची भर तेवढी माणसांनी घातली, आणि आमच्या मते त्या फटक्याला तिची काहीच गरज नव्हती.

या कथेत ज्याला कोणी फारसे विचारले नाही तो स्टॉब्ज. १९४७ ते १९६१ एवढी दीर्घ कारकीर्द, शंभराहून अधिक विजय; पण २००८ साली तो वारला तोवर त्याची ओळख त्या एका चेंडूपुरती उरली होती. १९६५ साली ग्रिफिथ स्टेडियमही पाडले गेले. आता तेथे हॉवर्ड विद्यापीठाचे रुग्णालय आहे.