खुपऱ्या

आमच्या आजीच्या बटव्यात सुपारी, चुना, अडकित्ता आणि एक बारका लोखंडी चिमटा असायचा. परक्याला वाटावं, काटा काढायचा असेल. पण तो पापणीचे केस उपटायला होता. आठ-पंधरा दिवसांनी ती उन्हात बसायची अन् म्हणायची, "लेका, बघ बरं कोणता टोचतोय." केस आत वळून बुबुळावर घासायचे. उपटले की चार दिवस आराम, पुन्हा तेच.

या दुखण्याला आपल्याकडं खुपऱ्या म्हणतात, डॉक्टर लोक ट्रॅकोमा. हा जंतूंचा रोग. लहानपणी पापणीच्या आतून दाणे येतात. असं वारंवार झालं की आतली त्वचा आक्रसते, पापणी आत वळते. म्हणजे रोग पोरपणीचा, आंधळेपण म्हातारपणी. तो पसरतो बोटांनी, माश्यांनी, एकाच फडक्यानं. पोरं सांभाळणाऱ्या बायांना जास्त होतो, कारण त्याच पदरानं पोराचं नाक पुसायचं अन् त्याच पदरानं आपले डोळे.

बहात्तरच्या दुष्काळात घरात प्यायलाच पाणी नव्हतं, तोंड कुठून धुणार? शाळेत कितीतरी पोरांचे डोळे चिकटलेले असत. (सगळ्यांना खुपऱ्याच होत्या असं नाही, साधे डोळे आलेलेही असतील.) नर्सबाई टेट्रासायक्लिनचं मलम द्यायच्या. ते दिवसातून दोनदा, सहा आठवडे लावायचं असतं. डोळा उघडला की लोक ट्यूब कोनाड्यात ठेवून द्यायचे. आता अझिथ्रोमायसिनचा एकच डोस पुरतो, पण आत वळलेली पापणी औषधानं सरळ होत नाही, तिला ऑपरेशनच लागतं.

पुढं आजीला घेऊन मी जालना रोडनं क्रांती चौकात उतरलो, तिथून रिक्षानं घाटीत. पापणीला टाके घालून ती बाहेर वळवली. टोचणं थांबलं. उजवं बुबुळ मात्र आधीच पांढरं झालं होतं, ती नजर गेली ती गेलीच.

सरकारनं १९६३ साली या रोगाविरुद्ध मोहीम काढली होती. ऑक्टोबर २०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं की भारतात ट्रॅकोमा आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिला नाही. एकसष्ट वर्षं लागली. त्यांचा उपाय चार गोष्टींचा: ऑपरेशन, औषध, चेहऱ्याची स्वच्छता, परिसराची स्वच्छता. पहिल्या दोन दवाखान्यात मिळतात. उरलेल्या दोन्हींना पाणी लागतं, आणि त्या वर्षी खुद्द संभाजीनगरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येत होतं.