मंदावलेली थायरॉईड ग्रंथी आणि यकृतातील मेद

मानेच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची अवटू, म्हणजेच थायरॉईड ग्रंथी असते. 'थायरॉईड आहे' असे सर्रास म्हटले जाते, तेव्हा बहुधा या ग्रंथीचे मंदावलेले कार्यच अभिप्रेत असते. थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे ही त्याची परिचित लक्षणे होत. यकृतावरील परिणामाची चर्चा मात्र फारशी होत नाही.

यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत मेद साठल्यास त्यास 'फॅटी लिव्हर' म्हणतात. मद्यपान न करणाऱ्यांमध्येही तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. स्थूलता, मधुमेह व रक्तातील वाढलेला मेद ही त्याची प्रमुख कारणे असल्याने २०२३ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्याला चयापचयाशी निगडित असे नवे नावही दिले.

थायरॉईडचे टी-४ हे संप्रेरक यकृतासह अन्य अवयवांत टी-३ या अधिक प्रभावी रूपात बदलते. यकृतपेशींतील मेदाम्लांचे ज्वलन आणि रक्तातील कोलेस्टेरॉल उचलून घेण्याची क्रिया टी-३ मुळे वेग घेते. संप्रेरक कमी पडले की दोन्ही क्रिया मंदावतात. कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड वाढतात आणि मेद यकृतात साचू लागतो. इन्सुलिनला मिळणारा प्रतिसादही काही रुग्णांत क्षीण होतो.

दक्षिण कोरियात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,६४८ व्यक्तींची तुलना करण्यात आली. थायरॉईड मंद असलेल्यांपैकी ३०.२ टक्के, तर इतरांपैकी १९.५ टक्के व्यक्तींना फॅटी लिव्हर आढळला. विकार जितका तीव्र, तितके हे प्रमाण अधिक होते. भारतापुरते बोलायचे तर मुंबई, गोवा, दिल्ली, कोलकाता आदी आठ शहरी केंद्रांच्या २०१३ च्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांची थायरॉईड मंद असल्याचे दिसले होते. त्यामुळे हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही.

तथापि, संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. वजनवाढ दोन्ही विकारांत समान असते आणि काही अभ्यासांत असा संबंध दिसलेला नाही. टीएसएच किंचित वाढलेले, पण टी-४ सामान्य असलेल्यांमध्ये केवळ यकृतासाठी औषध द्यावे काय, याविषयी एकमत नाही. आणखी एक बाब डॉक्टरांनाही चकवू शकते: थायरॉईड मंद असता स्नायूंमधूनही एसजीओटी रक्तात येते. त्यामुळे हा आकडा वाढला म्हणजे यकृतच बिघडले, असे मानता येत नाही.

या संबंधातूनच एक औषध पुढे आले. टी-३ चे कार्य यकृतात मुख्यतः 'बीटा' ग्राहकांमार्फत, तर हृदयात 'अल्फा' ग्राहकांमार्फत चालते. प्रामुख्याने बीटा ग्राहकांना चालना देणाऱ्या रेस्मेटिरॉमला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. दाहासह मध्यम ते प्रगत व्रणमयता झालेल्या, परंतु सिरॉसिस न झालेल्या यकृतासाठी, आहार व व्यायामाच्या जोडीने ते दिले जाते. थायरॉईडची नेहमीची गोळी हा त्याला पर्याय नव्हे. वजन वा यकृतातील मेद घटविण्यासाठी ती गरजेपेक्षा अधिक घेतल्यास हृदयाची लय बिघडते आणि हाडे ठिसूळ होतात.

सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आढळल्यास, विशेषतः कोलेस्टेरॉलही वाढलेले असल्यास, टीएसएच ही स्वस्त तपासणी करून घेणे इष्ट. दोष आढळल्यास लेव्होथायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी घ्यावे. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. मात्र टीएसएच सामान्य झाले तरी यकृतातील मेद आपोआप नाहीसा होईलच असे नाही. स्थूल रुग्णांत वजन ७ ते १० टक्क्यांनी घटल्यास यकृताचा दाह कमी होतो, आणि त्यासाठी आहार व व्यायामाकडेच वळावे लागते.